तोच की तसाच?

प्रश्न : वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये उशिराचा दंड मोजणारी मेथड आहे. तिच्यासाठी मी जावात जेयूनिटची (कोड तपासायच्या साधनाची) टेस्ट लिहिली. दंड १०० रुपये आला की ‘असर्टसेम’ पास होतं, २०० आला की फेल. एरर सांगते, हवा होता २००, मिळाला २००! चुकतंय कुठे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : मेथड बरोबर आहे, तिला विचारलेला प्रश्न चुकलाय. ‘असर्टसेम’ किंमत बघतच नाही. दोन्हीकडे मेमरीतलं एकच ऑब्जेक्ट आहे का, एवढंच ते तपासतं. त्यासाठी जावा तुमच्या साध्या ‘इंट’चं, म्हणजे पूर्णांकाचं, ‘इंटिजर’ ऑब्जेक्ट करते. उणे १२८ ते १२७ या आकड्यांची ऑब्जेक्ट ती साठवून ठेवते आणि दर वेळी तीच देते. १०० त्यात बसला. २०० साठी मात्र दोन वेगळी ऑब्जेक्ट तयार झाली. रकमेला किंमत जुळवून बघणारं ‘असर्टइक्वल्स’च लावा.

आई शेजारी डबा द्यायची, तेव्हा परत आल्यावर आधी झाकणावरचं कोरलेलं नाव बघायची. तसाच डबा तिला चालत नसे, तोच लागे. मराठीत हा फरक एका शब्दात होतो, म्हणून टेस्ट लिहिताना मी मनात तेच विचारते : तोच हवा की तसाच?

‘तोच’ हवा असतो तेव्हा ‘असर्टसेम’ला पर्याय नाही, हे मी ठेच लागून शिकले. एका पतसंस्थेच्या कामात व्याजदरांचा तक्ता डेटाबेसमधून एकदाच वाचून कॅशमध्ये, म्हणजे हाताशीच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचा होता. माझी टेस्ट तक्ता दोनदा मागायची आणि ‘असर्टइक्वल्स’ लावायची. महिनोन्महिने हिरवी, म्हणजे पास. प्रत्यक्षात कॅश बंदच होती. दर खातेदारामागे तक्ता डेटाबेसमधून नव्याने येत होता, तसाच्या तसा. मार्चअखेरीला व्याज लावायला रात्र पुरेना, तेव्हा कळलं. ‘असर्टसेम’ने हे पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

आणखी एक. स्वतःच्या क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) ‘इक्वल्स’, म्हणजे दोन ऑब्जेक्ट सारखी कधी मानायची तो नियम, लिहिलं नाही, तर ‘असर्टइक्वल्स’सुद्धा गुपचूप ‘तोच का’ हेच विचारतं. त्यामुळे ‘पावती’सारखा क्लास केलात तर ‘इक्वल्स’ आहे का, ते आधी तिथे बघा.

खात्री करायची असेल, तर जुन्याच टेस्टमध्ये दंड आधी १२७ आणि मग १२८ येऊ द्या.