मॅडम, आमची कोरोनाची बॅच

"मॅडम, आमची कोरोनाची बॅच. आम्हाला काही येत नाही हो." समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, नर्सिंग केलेल्या मुलींकडून हे वाक्य मी आजवर कितीदा ऐकलं, मोजदाद नाही. मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली आणि वॉर्डात उभं राहून शिकायचं ते या मुलींनी मोबाईलवर पाहिलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लाटेत यातल्या कित्येक जणी थेट कोविड वॉर्डात उभ्या राहिल्या.

सविता (नाव, तपशील बदललेत) त्यातलीच. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, आता स्टाफ नर्स. एकदा सलाईन लावताना दोनदा शीर चुकली आणि नातेवाईक म्हणाले, "दुसऱ्या सिस्टरला बोलवा." तेव्हापासून ती सलाईनचं काम टाळायची. नाईट असली की दुपारपासूनच पोटात गोळा.

"शिकताना किती वेळा लावलीस?"

"माणसाला? चार-पाचदा. बाकी डमीवर."

"म्हणजे सराव कमी पडला."

"नाही मॅडम. मी नर्स व्हायच्या लायकीचीच नाही."

सराव कमी आहे, हे खरं होतं. लायकी नाही, हा तिने स्वतःवर मारलेला शिक्का होता. पण हे मी सांगून तिला पटेना. दोन भेटी अशाच गेल्या.

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, "कोविड वॉर्डात काय करायचीस?"

"काही नाही. पेशंटला पालथं झोपवायचे."

"कसं? दाखव."

ती उठली. माझ्या सोफ्यावरच्या उशा घेतल्या. एक मानेखाली, दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. "आधी ऑक्सिजनची नळी मोकळी करायची, नाहीतर ओढली जाते. मग मान एका बाजूला." हवेतच कुणाच्या तरी बोटाला ऑक्सिमीटर लावला. "आणि आकडा बघत थांबायचं. 88 चा 92 झाला की आजोबांना मोठ्याने सांगायचं, त्यांना धीर येतो."

मी गप्प राहिले. बोलता बोलता तिची नजर स्वतःच्या हातांवर गेली. हात स्थिर होते.

"हे कुणी शिकवलं?"

"इन्चार्ज सिस्टरनी एकदा दाखवलं. मग रोज मीच..." आणि ती थांबली. "म्हणजे सलाईन मी तेवढ्या वेळा लावलीच नाही."

त्या क्षणी "तू उत्तम नर्स आहेस" हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. ते गिळले, याचं मला आजही समाधान आहे. शिक्का चांगला असला तरी शिक्काच. पुढची शीर चुकली की तो पुसला जातो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याकडून मी घेतलं ते हेच: कृती जोखावी, माणूस जोखू नये.

मग कामाचं बोललो. इन्चार्जना स्पष्ट सांगायचं, "मला सराव हवाय, शेजारी उभ्या राहा." दोनदा चुकलं तर दुसरीला बोलवायचं, त्यात कमीपणा नाही, पेशंटची एक टोचणी वाचते. प्रत्येक प्रयत्न वहीत लिहायचा. पालकांनो, "सगळ्यांचंच असं झालं" म्हणून विषय मिटवू नका, मुलीला आपलं ऐकलंच नाही असं वाटतं. आणि वॉर्डातले मृत्यू अजूनही डोळ्यांपुढून हलत नसतील, झोप उडाली असेल, तर सरावावर भागणार नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तिथे मराठीतून बोलता येतं.

दीड महिन्याने सविता वही घेऊन आली. 41 सलाईन, त्यातल्या नऊ चुकलेल्या. त्या नऊही तिने तारखेसकट लिहिल्या होत्या.