पीसीचं नाव बदललं आणि एसक्यूएल सर्व्हर कनेक्ट होईना, परत इन्स्टॉल करावं लागेल का?

नाही, अजिबात करू नका! दुकानातल्या मेन पीसीचं नाव बदलल्यापासून बिलिंग सॉफ्टवेअर सर्व्हर सापडत नाही, एरर २६ असं दाखवतंय म्हणता, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमधला (बिलिंगचा डेटा जिथे साठतो तो प्रोग्रॅम) डेटा बहुतेक जागच्या जागी आहे, फक्त सॉफ्टवेअर अजून जुन्याच नावाने सर्व्हर शोधतंय.

आधी मेन पीसीवरच मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) उघडा, सर्व्हर नेममध्ये जुनं नाव आपोआप आलेलं असतं ते खोडून .\एसक्यूएलएक्सप्रेस टाका (इंग्रजीत; डॉट म्हणजे हाच पीसी, पुढचं एसक्यूएलच्या इन्स्टॉलेशनचं नाव). कनेक्ट झालं, डेटाबेस दिसले की अर्धी काळजी मिटली. लगेच बॅकअप घेऊन ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आता तिथेच न्यू क्वेरी उघडून सिलेक्ट @@सर्व्हरनेम ही कमांड चालवा, जुनंच नाव येईल, कारण विंडोजमध्ये नाव बदललं तरी एसक्यूएलच्या आतल्या नोंदीत ते आपोआप बदलत नाही. मग एसपी_ड्रॉपसर्व्हर या कमांडला जुनं नाव द्या, त्यानंतर एसपी_ॲडसर्व्हर ला नवीन नाव आणि कॉमा देऊन 'लोकल', हा लोकल विसरलात तर उपयोग नाही. दोन्हीकडे पूर्ण नाव लागतं, म्हणजे पीसीचं नाव, बॅकस्लॅश, एसक्यूएलएक्सप्रेस, त्यातला मागचा भाग तोच राहतो. मग एसक्यूएलची सर्व्हिस रीस्टार्ट करा, त्याशिवाय नवीन नाव दिसणार नाही. रेप्लिकेशन (डेटाची प्रत आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर जाणं) चालू असेल तर मात्र हे करू नका, आधी ते काढावं लागतं.

पण एवढ्याने बिलिंग चालू होईलच असं नाही, आणि लोक नेमके इथेच अडकतात. तुमचा एरर खरा येतोय तो सॉफ्टवेअरच्या कनेक्शन स्ट्रिंगमधून (कुठल्या सर्व्हरला जोडायचं ते लिहिलेली ओळ), त्याच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग किंवा आयएनआय फाइल असेल ती नोटपॅडमध्ये उघडून जुनं नाव शोधा आणि बदला, काउंटरच्या प्रत्येक पीसीवर. काही जुनी सॉफ्टवेअर ओडीबीसीवर (डेटाबेसला जोडायची विंडोजमधली सोय) चालतात, त्यांचा डीएसएन, म्हणजे सर्व्हरच्या नावासकट सेव्ह केलेली जोडणी, बहुधा ३२ बिटवाल्या ओडीबीसीत असतो, ६४ बिटवाल्यात शोधत बसू नका. नाव बदलूनही २६ येत राहिला तर मेन पीसीवर एसक्यूएल ब्राउझर सर्व्हिस (बाकी पीसींना सर्व्हर कुठे आहे ते सांगणारी) चालू आहे का आणि फायरवॉलमध्ये तिचा यूडीपी १४३४ हा पोर्ट उघडा आहे का ते बघा.

आणि फाइलमध्ये नाव लॉक केलेलं असेल, सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नसेल, तर पीसीचं जुनं नाव परत देऊन टाका (वर एसपी_ॲडसर्व्हर केलं असेल तर तेही उलटं करून), दुकान बंद ठेवण्यापेक्षा ते बरं.