ग्वाल्हेरात पहिला नाताळ घरी करताय?

ताई, पहिल्याच वर्षी सगळ्यांना घरी बोलावताय, फार छान! डिसेंबरात इथे कधी धुकं, कधी मावठा. वीज जाणार, हे धरूनच चाला.

केक 24 तारखेवर ठेवू नका, नवख्यांची हीच पहिली चूक. सुक्या मेव्याचा केक चार-पाच दिवस आधी करा, मुरला की चव वाढते. ओव्हनवर भिस्त नको. कुकरची रिंग आणि शिट्टी काढा, तळाला मीठ पसरा, वर जाळी, मंद आच. पाणी अजिबात नाही. सुरी कोरडी निघाली की झाला.

- करंज्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर मऊ पडतात.
- भोपाळहून येणाऱ्यांना 23 लाच बोलवा, धुक्यात गाड्या तासन्‌तास रखडतात.
- बंद खोलीत कोळशाची सिगडी नकोच! कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेकताना खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्याआधी सिगडी अंगणात नेऊन ठेवा. म्हातारी माणसं गारठली तरी ऐकू नका, जादा रजई द्या.

पदार्थ चारच करा. सजावटीचं पुढच्या वर्षी सांगते.