वाचकांचे प्रश्न : वॉर्डातली दांडगाई

प्रश्न : धुळे जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. पावसाळ्यात रात्री सर्पदंशाचा पेशंट आला, सोबत पिकअप भरून माणसं. ड्युटीवर आम्ही दोघीच. ‘नुसतं बसवून ठेवलंय’ म्हणत एकाने मला ढकललं, ट्रे उडवला. पोलिसांनी एन.सी. लिहून परत पाठवलं. आता ऑफिसातून ‘मिटवून घ्या’ असे निरोप येताहेत. काय करावं?

उत्तर : मिटवायचं की नाही ते नंतर ठरवा, आधी त्या एन.सी.चं बघा. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत, म्हणजे कागद तिथेच पडून राहतो. तुमचं प्रकरण अदखलपात्र नाहीच. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे. त्यात डॉक्टरांबरोबर नर्स आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीही येतात, सरकारी आणि खासगी दोन्हीकडच्या. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. सामान मोडलं असेल तर खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. तुम्ही सरकारी सेवेत आहात, त्यामुळे भारतीय न्याय संहितेचं कलम 132 (सरकारी कर्मचाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळजबरी) सुद्धा लागू शकतं. ठाण्यावरच्या अंमलदाराला 2010 चा कायदा आठवेलच असं नाही. तक्रारीत त्याचं नाव आणि साल तुम्हीच लिहा.

तक्रार पातळ होते ती शब्दांमुळे. ‘नातेवाइकांनी गैरवर्तन केले’ या वाक्यातून गुन्हा उभा राहत नाही. असं लिहा : ‘रात्री 9.50 वाजता बेड 4 जवळ निळ्या शर्टातील इसमाने दोन्ही हातांनी ढकलले, मी ट्रॉलीवर आदळले, उजव्या कोपराला मार लागला, पेशंटला सलाईन लावण्याचे काम थांबले.’ शेवटचा तुकडा विसरू नका. कलम 132 कर्तव्यात आणलेल्या अडथळ्यावर उभं आहे, आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं.

मुका मार असला तरी स्वतःची एम.एल.सी. (पोलीस प्रकरणासाठीची वैद्यकीय तपासणी-नोंद) करून घ्या. सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून तारीख आणि ‘अमुक ते अमुक वाजेपर्यंत’ असं लिहून फुटेज जपून ठेवण्याचं पत्र आजच द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. सहकाऱ्याने मोबाइलवर शूटिंग केलं असेल तर मूळ फोनमधून ते काढून टाकू नये.

ठाण्यात घेतच नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (गुन्ह्याची नोंद आणि तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम 173 मध्ये ही वाट दिलेली आहे, आणि त्यापुढे न्यायदंडाधिकारी आहेत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

आता ‘मिटवून घ्या’बद्दल. आमचं स्पष्ट मत : फिर्यादी संस्थेने व्हावं, सिस्टरने एकटीने नाही. फिर्यादीत तक्रार देणाऱ्याचा पत्ता जातो. तालुक्याच्या गावात समोरची माणसं त्याच संध्याकाळी घरी येऊन बसतात, कधी पाया पडायला, कधी दम द्यायला. फिर्याद वैद्यकीय अधीक्षकांची असली की पत्ता दवाखान्याचा लागतो आणि तुम्ही जखमी साक्षीदार ठरता. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय रुग्णालयांना हेच सांगितलं : हल्ला झाल्यापासून 6 तासांच्या आत संस्थाप्रमुखाने एफआयआर करायचा. अधीक्षकांना लेखी विनंती करताना याचा दाखला जरूर द्या.

‘नुसतं बसवून ठेवलंय’ या तक्रारीमागचं कारणही बघायला हवं. सर्पदंशात रक्त गोठतंय का ते पाहायला काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. नातेवाइकांना दिसतं एवढंच, की रक्त काढलं, नळी स्टँडला लावली आणि सिस्टर दुसऱ्या बेडकडे गेली. नळी त्यांना दाखवा, घड्याळ दाखवा, ‘बरोबर पावणेदहाला बघणार, तोवर हात लावायचा नाही’ म्हणा. घोळक्याला समजावू नका, सोबतचं वडीलधारं माणूस हेरून त्यालाच बाजूला घ्या. अहिराणी किंवा पावरी या इकडच्या बोली बोलणारं कुणी स्टाफमध्ये असेल तर त्यालाच बोलू द्या. ‘काय व्हयनं, भाऊ?’ (काय झालं, भाऊ?) या प्रश्नाने निम्मा चढलेला पारा उतरतो. माणूस भडकलाच तर समोरासमोर न ठाकता थोडं तिरकं, दोन हात लांब उभं राहा, दार आपल्या बाजूला ठेवा, खिशातली कात्री आधीच काढून ठेवा. मृत्यूची बातमी सिस्टरने एकटीने सांगायचीच नाही. ते काम डॉक्टरांचं, तेही गार्डला बोलावून घेतल्यावर.

प्रश्न : जळगावला खासगी हॉस्पिटलात आहे. इन्चार्ज सिस्टर पेशंटसमोर अपमान करतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे मारतात, सलग नाईट लावतात. सोडायचं म्हटलं तर मूळ सर्टिफिकेटं ऑफिसात अडकलेली.

उत्तर : अशा छळासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून पुरावा नीट बांधावा लागतो. ‘त्रास देतात’ याला मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख) ‘कामाची शिस्त’ म्हणून झटकून टाकतात. ड्युटी रोटाचे (पाळ्यांच्या तक्त्याचे) दर महिन्याचे फोटो काढा, आपल्या नाईट आणि बाकीच्यांच्या नाईट शेजारी शेजारी मांडा. आकड्यांवर वाद घालणं अवघड जातं. मेसेजचा स्क्रीनशॉट नंबर आणि तारखेसकट घ्या, मूळ मेसेज पुसू नका, ग्रुपवर उत्तरही देऊ नका. तोंडी सूचना मिळाली की त्याच शिफ्टमध्ये एका ओळीचा मेसेज टाका : ‘आपण सांगितल्याप्रमाणे बेड 7 चे औषध थांबवले आहे.’ उद्या चूक तुमच्या गळ्यात मारायला जागा राहत नाही.

अर्ज मेट्रनला, प्रत व्यवस्थापनाला. त्यात स्वभावाबद्दल अक्षर नको, फक्त तारखा आणि प्रसंग. जातीवरून बोलणं झालं असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या असाल, तर प्रकरण ऑफिसपुरतं राहत नाही. इतरांसमोर जातिवाचक अपमान हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

सर्टिफिकेटं लेखी मागा आणि पोच घ्या. पुढच्या नोकरीत मूळ कागद फक्त दाखवायचे, ठेवायला द्यायच्या त्या साक्षांकित प्रती.

प्रश्न : आमच्या छोट्या दवाखान्यात सात जणांचा स्टाफ. डॉक्टरच अश्लील बोलतात. तक्रार कुणाकडे?

उत्तर : जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तीच जागा दिली आहे. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात करा. तक्रार लेखी द्यायची. मुदत शेवटच्या घटनेपासून 3 महिने, सबळ कारण लिहून दिलं तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते.