इचिनोकावाची बंद खाण आणि तिचे स्फटिक

प्रश्न : आमच्या घरी सोने-चांदी गलाईचा पिढीजात व्यवसाय आहे. पूर्वी सोने शुद्ध करण्यासाठी अँटिमनी या धातूचा दगड वापरीत, असे वाचनात आले. त्याच लेखात जपानमधील इचिनोकावा या बंद खाणीचा उल्लेख होता. ती एवढी प्रसिद्ध का आहे? आणि हा दगड आपल्याकडे का सापडत नाही?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : इचिनोकावा खाण शिकोकू बेटावर एहिमे प्रांतातील साइजो येथे असून ती १९५७ साली बंद झाली. तिचे नाव झाले ते मुख्यतः स्फटिकांमुळे. स्टिब्नाइट, म्हणजे गंधकाशी संयोग पावलेले अँटिमनी, हे तिथले मुख्य खनिज. इतरत्र ते बहुधा बारीक सुयांच्या जुडग्यांनी गारेत रुतलेले आढळते, पण इथे खडकाच्या भेगांतील पोकळ्यांत त्याला वाढायला जागा मिळाली आणि तलवारीच्या पात्यांसारखे, दोन-दोन फुटांपर्यंतचे स्फटिक तयार झाले. त्यांच्या पोलादी करड्या अंगावर लांबीच्या दिशेने रेघा असतात. एवढे लखलखीत खनिज नखानेही ओरखडले जाते आणि त्याची बारीक काडी मेणबत्तीच्या ज्योतीत वितळते. मेजी काळात (१८६८–१९१२, जपानच्या आधुनिकीकरणाचा काळ) यांतले काही स्फटिक युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत पोहोचले. बाकीचे कितीतरी धातूसाठी भट्टीत गेले, याची हळहळ वाटते. हवा-पाणी लागलेल्या भागात स्टिब्नाइटवर सर्व्हांटाइट, स्टिबिकोनाइट अशा ऑक्साइड खनिजांची पिवळट पुटे चढतात.

आपल्या व्यवसायाशी संबंध असा, की अशुद्ध सोने स्टिब्नाइटबरोबर वितळवले असता चांदी-तांबे गंधकाशी संयोग पावून वरच्या थरात जातात, सोने अँटिमनीसह तळाशी बसते आणि नंतर तापलेल्या रसावर हवेचा झोत सोडून अँटिमनी उडवून लावले जाते. युरोपात ही रीत कित्येक शतके चालली. तिची वाफ विषारी असते, शिवाय या खनिजासोबत अनेकदा आर्सेनिकही येते. म्हणून हा प्रयोग कृपया करून पाहू नये.

सातारा-सांगलीचा काळा पाषाण लाव्हारसाचा आहे. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची स्फटिकरूप खनिजे आणि गारगोट्या सापडतात, पण अँटिमनीच्या शिरा नाहीत. भारतात स्टिब्नाइट आढळते ते मुख्यतः हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पितीतील बडा शिग्री हिमनदीजवळ. मात्र तिथली उंची आणि बर्फ यांमुळे खाणकाम फार अवघड आहे.