नव्या इलेक्ट्रिक गाडीचा विमा: शोरूमचे ८१ हजार की ऑनलाइनचे ५२ हजार?

तुमचा प्रश्न असा की सांगलीत इलेक्ट्रिक कार बुक केलीय, एक्स-शोरूम किंमत साधारण १४ लाख. शोरूम विम्याचे ८१ हजार सांगतंय, ऑनलाइन ५२ हजार दिसताहेत. जुनी पेट्रोल गाडी विकणार आहात आणि डिलिव्हरीला दोन आठवडे आहेत.

दोन्ही आकडे खरे असतील, फक्त ते एकाच पॉलिसीचे नसतील. मी कोल्हापूरचा. २०२४ मध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा माझ्यापुढेही अशी पाच कोटेशनं होती. कोटेशनच्या तळाची बेरीज शेवटी बघा. आधी बॅटरीबद्दल काय लिहिलंय ते शोधा. या गाडीत विमा मुख्यतः बॅटरीचा असतो, बाकी पत्रा आणि काचा कुठल्याही गाडीसारख्याच.

त्याआधी थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या सक्तीच्या विम्याची, रक्कम बाजूला काढून ठेवा. ती सरकारच्या दराने असते, त्यात कंपनी कमी-जास्त करत नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत इलेक्ट्रिक कारची मोटर ३० किलोवॅटपर्यंत असेल तर ५,५४३ रुपये, ६५ पर्यंत ९,०४४ आणि त्याच्या वर २०,९०७. पेट्रोल गाडीपेक्षा १५ टक्के कमी धरूनच हे दर आहेत; वर १८ टक्के जीएसटी. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. हा किलोवॅट मोटरचा, बॅटरीचा आकडा किलोवॅट-तासात असतो. २०२४ मध्ये आलेल्या पंच ईव्हीचंच बघा: २५ किलोवॅट-तास बॅटरीच्या गाडीची मोटर ६० किलोवॅटची, ३५ वाल्या गाडीची ९०. नाव एकच, पण टप्पे दोन, आणि तीन वर्षांच्या हप्त्यात जवळजवळ १२ हजारांचा फरक. दोन कोटेशनांत थर्ड पार्टीची रक्कमच वेगळी दिसली तर कोणीतरी चुकीचं व्हेरियंट निवडलंय असं समजा आणि ते दुरुस्त करून घ्या.

मग आयडीव्ही बघा. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ती. नव्या गाडीला एक्स-शोरूममधून ५ टक्के वजा होतात, म्हणजे तुमची १३ लाख ३० हजारांच्या आसपास हवी. ऑनलाइन कोटेशनमध्ये ती बारा लाखांवर आणून ठेवली असेल तर स्वस्ताईचं एक कारण तिथेच सापडेल. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. इलेक्ट्रिक गाडी तिथवर किती लवकर पोहोचते, ते मी स्वतः बघितलंय.

मागच्या पावसाळ्यात राधानगरीच्या रस्त्याला पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी उतरली आणि खालून ठणकन आवाज आला. गाडी चालत होती, पण थोड्या वेळाने डिस्प्लेवर लाल इशारा आला. वर्कशॉपमध्ये लिफ्टवर घेतली तेव्हा बॅटरीच्या पेटीला तळहाताएवढा पोचा, आणि त्याच्या कडेने कूलंटचा ओघळ. बाकी गाडीवर ओरखडाही नव्हता. पेटी इथे उघडून दुरुस्त होणार नाही, पूर्ण पॅक बदलावा लागेल असं सांगितलं, आणि एस्टिमेट आलं साडेसहा लाखांचं. म्हणजे गाडीची निम्मी किंमत. वॉरंटी आठ वर्षांची होती, पण ती कारखान्यातल्या दोषाला, दगडाला नाही.

साध्या पॉलिसीत बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे सव्वातीन लाख मला भरावे लागले असते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलं की सगळं आलं असं आपण धरतो, पण बऱ्याच झिरो डेपच्या मजकुरात टायर आणि बॅटरी वगळलेली असते. पॉलिसी घेताना विमा कंपनीच्या शाखेतल्या मॅडमनी ते वाक्य मला बोट ठेवून दाखवलं आणि बॅटरीचं वेगळं कव्हर घ्यायला लावलं. म्हणून मला जेमतेम साडेचार हजार भरावे लागले. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हीही प्रत्येक कंपनीला मेलवर हाच प्रश्न विचारा: बाहेरून मार बसून बॅटरी पॅक बदलावा लागला तर किती टक्के द्याल? उत्तर लेखीच घ्या.

सांगलीला २०१९ चा पूर कोणी विसरलेलं नाही, म्हणून पाण्याचंही बघा. इंजिन प्रोटेक्ट एवढंच लिहिलेलं ॲड-ऑन (जादा कव्हर) आपल्या कामाचं नाही. पाणी शिरून किंवा शॉर्ट सर्किट होऊन मोटर आणि बॅटरीचं झालेलं नुकसान असे शब्द हवेत. आणि गाडी पाण्यात राहिली तर चालू करून बघू नका, चार्जिंगला लावू नका, टो करून न्या. चालू करायला गेल्याने झालेलं नुकसान म्हणून क्लेम नाकारला जाऊ शकतो. घरच्या भिंतीवरचा चार्जरही कव्हरमध्ये येतो का, हे एका ओळीत विचारून घ्या.

विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती शोरूमला करता येत नाही. पण बाहेरून घेणार असाल तर त्या कंपनीचं कॅशलेस तुमच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालतं का, हे तिथे फोन करून खात्री करा. हाय व्होल्टेजचं काम कोपऱ्यावरच्या गॅरेजला जमणारं नाही. मी बाहेरचं कोटेशन शोरूमला दाखवलं तेव्हा त्यांनी सगळी कव्हरं तशीच ठेवून १४ हजार कमी केले आणि मी तिथूनच घेतला.

आता जुनी गाडी. पाच वर्षं क्लेम नसेल तर तुमचा ५० टक्के एनसीबी आहे, म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्यामुळे पेट्रोल कारवरून इलेक्ट्रिक कारवर आणता येतो. सूट फक्त ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर, पण तुमच्या आकड्यांत ती काही हजारांची असेल. शोरूमवाले आपणहून विचारतीलच असं नाही. गाडी विकल्याचे कागद जोडून जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यावं लागतं. मला ते यायला नऊ दिवस लागले होते, आणि तुमच्याकडे चौदाच आहेत. उद्याच मेल टाका.