जुनं ओपन सोर्स पॅकेज अजून कुणी सांभाळतंय का?

तुमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या ओपन सोर्स पॅकेजचं (दुसऱ्यांनी लिहून सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या तयार कोडचं) शेवटचं रिलीज तीन वर्षांपूर्वीचं आहे, म्हणून ते बंद पडलं समजायचं का? नुसत्या तारखेवरून नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांचं टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर २०१४ नंतर थेट २०२१ मध्ये सुधारलं गेलं, तरी ते बेवारस नव्हतं.

आधी रीडमी, म्हणजे पॅकेजसोबतची माहितीची फाइल, वाचा. तारीख-वेळ हाताळणाऱ्या मोमेंट जेएस या पॅकेजच्या मंडळींनी २०२० मध्ये स्वतःच सांगितलं, की नव्या प्रकल्पांसाठी दुसरं काही निवडा. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर ‘आर्काइव्ह्ड’ची (काम थांबवल्याची) पट्टी दिसली तर पुढं शोधायची गरज नाही.

खरी नाडी इश्यूंमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या तक्रारी-सूचनांमध्ये, लागते. उघड्या इश्यूंचा आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. अलीकडच्या पाच-सहा तक्रारी उघडा आणि मर्जचा (बदल मूळ कोडमध्ये घेण्याचा) अधिकार असलेल्या माणसानं उत्तर दिलंय का बघा. बॉटचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे, कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) धरू नका. सुरक्षेची तक्रार महिनोन्‌महिने अनुत्तरित असेल, तर मी ते पॅकेज सोडतो.

अचानक वाढलेली हालचालही तपासा. फाइलींचा आकार कमी करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरचा भार एकाच थकलेल्या माणसावर होता. मदतीला आलेल्यानं दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये त्यात चोरदरवाजा घातला. वरवर पाहता तो प्रकल्प छान जिवंत दिसत होता! त्यामुळं नवा माणूस कोण, जुने लोक त्याचं काम तपासतात का, हे नक्की बघा.

हे तपासून होईतोवर पॅकेजची आवृत्ती लॉक करा, म्हणजे ती आपोआप बदलू देऊ नका, आणि सोर्स कोडची प्रत स्वतःकडे ठेवा. बिलं तुमची आहेत, जीएसटीचा हिशोबही त्यावरच चालतो.